अमेरिकेत पहिलं मतदान: पक्ष, प्रायमरी आणि मतपत्रिका समजून घेण्यासाठी

नागरिकत्वाची शपथ झाली, प्रमाणपत्र हातात पडलं, आता मत द्यायचं आहे. भारतात मतदान करून आलेल्या माणसाची इथे पहिली अडचण अशी की आपल्या सवयीचं फारसं काही इथे सापडत नाही. देशभरच्या निवडणुका घेणारा एक निवडणूक आयोग नाही. पक्षाचं चिन्ह बघून बटण दाबायचं नाही. तिकीट वाटणारी पक्षश्रेष्ठी नाहीत, एबी फॉर्म नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, आणि प्रत्यक्ष काम बहुतेक ठिकाणी काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) कार्यालय करतं. फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवते. मतदार यादी किंवा मतमोजणी तिच्याकडे नसते.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर 'माझ्या राज्यात काय?' हे तपासून घ्या. व्होट डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर राज्य निवडलं की त्या राज्याच्या अधिकृत पानावर पोहोचता येतं.

१. आधी पात्रता, आणि एक धोक्याची चौकट

राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, निवडणुकीत मत फक्त अमेरिकन नागरिकाला देता येतं. ग्रीन कार्ड कितीही जुनं असो, कर कितीही भरलेला असो, हक्क मिळतो तो शपथेनंतरच. मुलाखत पास झाली पण शपथविधी व्हायचा आहे, अशा मधल्या काळातही नोंदणी करू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक डीएमव्हीच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या कार्यालयाच्या, काउंटरवर होते. १९९३ च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्स काढताना तिथेच मतदार नोंदणीबद्दल विचारतात. रांगेत घाई असते, पडद्यावर भराभर प्रश्न येतात, आणि 'तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का' या चौकटीवर ग्रीन कार्डधारकाची किंवा एच-१बीवाल्याची खूण पडते. नागरिक असल्याचा खोटा दावा इमिग्रेशन कायद्यात अतिशय गंभीर मानला जातो. त्यापायी नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि देशाबाहेर काढण्याची कारवाईही होऊ शकते. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात 'कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का' असं थेट विचारलेलं असतं. चुकून नाव नोंदलं गेलं असेल तर मत अजिबात देऊ नका. इमिग्रेशन वकिलाला गाठा, त्यांच्या सल्ल्याने नाव लेखी रद्द करून घ्या आणि त्या पत्राची प्रत आयुष्यभर जपून ठेवा.

दुसरी बाजू भारताची. अमेरिकेचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं नागरिकत्व संपतं, आणि त्याबरोबर तिथला मताचा हक्कही. ओसीआय कार्डावर मत देता येत नाही. पुण्याच्या किंवा सांगलीच्या यादीत नाव अजून असेल तर फॉर्म ७ भरून ते काढून घ्या. सुट्टीत गेलो, निवडणूक होती, नाव सापडलं म्हणून बोटाला शाई लावून आलो, असं करू नका. तो तिथे गुन्हा आहे.

२. हाताशी काय हवं

- राज्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा किंवा ओळखपत्राचा क्रमांक. तो नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे
- नॅचरलायझेशनचं प्रमाणपत्र किंवा अमेरिकन पासपोर्ट. बहुतेक राज्यांत दाखवावा लागत नाही, पण ॲरिझोना, न्यू हॅम्पशायर अशा काही राज्यांत राज्याच्या नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा मागतात
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा: विजेचं बिल, बँकेचं स्टेटमेंट किंवा सरकारी पत्र. टपालाने पहिल्यांदा नोंदणी केली आणि तुमचा क्रमांक सरकारी नोंदींशी जुळला नाही, तर पहिल्या मतदानाला यातलं काहीतरी दाखवावं लागतं

नोंदणीआधी दोन कार्यालयांना कळवा: सोशल सिक्युरिटी आणि डीएमव्ही. दोन्हींकडे तुमची जुनी 'बिगरनागरिक' ही नोंद पडून असते, आणि अनेक राज्यं मतदार यादी या नोंदींशी ताडून पाहतात. २०१९ मध्ये टेक्सासने असाच ताळा करून सुमारे ९५ हजार मतदारांवर शंका घेतली होती. त्यात रीतसर नागरिक झालेले हजारो लोक निघाले, आणि राज्याला ती मोहीम मागे घ्यावी लागली. असं पत्र आलं तर घाबरू नका, पण बाजूलाही टाकू नका. दिलेल्या मुदतीत प्रमाणपत्राची प्रत पाठवा, नाहीतर नाव कापलं जाऊ शकतं.

नावाचं बघा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब. शपथेच्या वेळी नाव बदललं असेल तर गोंधळ आणखी वाढतो. लायसन्स, सोशल सिक्युरिटी आणि मतदार नोंदणी या तिन्ही ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं ठेवा.

३. नोंदणी आणि तिची मुदत

राष्ट्रीय निवडणुकांसाठी कुठलंही राज्य मतदानाच्या ३० दिवसांपेक्षा आधीची मुदत ठेवू शकत नाही. टेक्सास ही मर्यादा पुरेपूर वापरतं. न्यू जर्सीत २१ दिवस, पेनसिल्व्हेनियात १५ दिवस. मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते. नॉर्थ डकोटात नोंदणी हा प्रकारच नाही.

बऱ्याच राज्यांत ऑनलाइन नोंदणी पाच मिनिटांत होते. टेक्सासमध्ये मात्र लायसन्सचं नूतनीकरण करतानाचा अपवाद सोडला तर फॉर्म छापून, सही करून टपालाने पाठवावा लागतो. वेबसाइटवर माहिती भरली म्हणजे नोंदणी झाली असं समजून तिथले नवमतदार फसतात.

साधारण तीन आठवड्यांनी राज्याच्या पानावर आपलं नाव शोधून बघा. दुसऱ्या राज्यात गेलात तर नोंदणी पहिल्यापासून, आणि त्याच गावात घर बदललं तरी पत्ता बदलून घ्यायचा.

४. पक्ष म्हणजे नेमकं काय

इथे जरा थांबू, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या पक्षांना वर्गणी देऊन सदस्य व्हावं लागत नाही. तीसेक राज्यांत नोंदणीच्या फॉर्मवरच 'पक्ष' असा रकाना असतो, त्यावर खूण केली की तुम्ही त्या पक्षाचे मतदार. ही नोंद पक्षाच्या कचेरीत नाही, सरकारी यादीत राहते. टेक्सास, व्हर्जिनिया, जॉर्जिया, मिशिगन अशा बाकीच्या राज्यांत हा रकानाच नाही. आणि नोंदणी कुठल्याही पक्षाची असो, नोव्हेंबरमध्ये मत हव्या त्या उमेदवाराला देता येतं. तुमचा पक्ष नोंदीत दिसतो, तुमचं मत कुणालाच दिसत नाही.

पक्षाची यंत्रणा खालून वर जाते: प्रिसिंक्ट (एका मतदान केंद्राचा भाग), काउंटी, राज्य आणि शेवटी राष्ट्रीय समिती. वरची समिती खालच्या उमेदवाराला 'तू उभा राहू नकोस' असं सांगून थांबवू शकत नाही. कुणाला पक्षाचं नाव लावून लढायचं असेल तर तो ठरलेल्या सह्या गोळा करतो किंवा शुल्क भरतो आणि प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, उतरतो. पक्षाच्या नेत्यांना तो आवडो न आवडो, प्रायमरी जिंकली की तोच अधिकृत उमेदवार. निवडून आल्यावर पक्षाचा व्हिप मोडला म्हणून पद जात नाही. पक्षांतरबंदी कायदा इथे नाही. म्हणूनच एकाच पक्षाचे दोन खासदार परस्परविरोधी मत देताना दिसतात.

थोडक्यात, आपल्याकडे तिकीट वाटपाचं जे काम बंद खोलीत होतं, ते इथे सामान्य मतदार प्रायमरीत करतो. नवमतदार नेमकी हीच निवडणूक चुकवतात आणि मग नोव्हेंबरमध्ये 'दोघेही नको वाटतात' म्हणतात.

मिशिगनचा १३ वा मतदारसंघ बघा. डेट्रॉइटचा बराचसा भाग त्यात येतो आणि तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं निर्विवाद वर्चस्व आहे. ऑगस्ट २०२२ च्या प्रायमरीत त्या पक्षाचे नऊ उमेदवार होते. बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार साधारण २८ टक्के मतांवर पहिले आले. नोव्हेंबरमध्ये त्यांना ७० टक्क्यांहून जास्त मतं मिळाली. खासदार कोण होणार याचा निकाल ऑगस्टमध्येच, त्या २८ टक्क्यांनी लावला होता. अमेरिकेत बहुतेक मतदारसंघ असे एका पक्षाकडे झुकलेले आहेत. तिथे राहणाऱ्याने वर्षातून एकदाच मत द्यायचं ठरवलं तर मी प्रायमरीत द्या असं सांगेन.

५. तुमच्या राज्याची प्रायमरी कुठल्या प्रकारची

बंद प्रायमरी: न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा. नोंदणीत जो पक्ष आहे त्याचीच मतपत्रिका मिळते. 'कुठलाही पक्ष नाही' असं लिहिलं असेल तर पक्षाच्या प्रायमरीत मत नाही. मी तटस्थ आहे, म्हणून रकाना रिकामा ठेवतो, हा विचार सज्जनपणाचा वाटतो, पण या राज्यांत त्याची किंमत मोठी आहे. पक्ष बदलण्याची मुदतही नोंदणीपेक्षा वेगळी असू शकते: न्यूयॉर्कमध्ये जूनच्या प्रायमरीसाठी आधीच नोंदणी असलेल्याने १४ फेब्रुवारीपर्यंत पक्ष बदलावा लागतो. पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्याला मात्र नेहमीच्या मुदतीपर्यंत पक्ष निवडता येतो, तेव्हा शपथ नुकतीच झाली असेल तर ही संधी सोडू नका.

अर्धी बंद: न्यू जर्सीसारख्या राज्यात पक्ष न लिहिलेला मतदार केंद्रावर जाऊन पक्ष निवडू शकतो, आणि मग त्याची नोंद त्या पक्षात होते. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर मात्र प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज लागतो.

खुली: टेक्सास, जॉर्जिया, व्हर्जिनिया, मिशिगन. त्या दिवशी हव्या त्या एका पक्षाची मतपत्रिका घ्या. मिशिगनमध्ये दोन्ही पक्षांचे रकाने एकाच कागदावर असतात. एका पक्षाच्या रकान्यात एक खूण आणि दुसऱ्याच्या रकान्यात दुसरी, असं केलं तर पक्षाचा तो सगळा भाग बाद होतो. टेक्सासमध्ये कुणालाच ५० टक्क्यांच्या वर मतं नसतील तर दुसरी फेरी होते, आणि मार्चमध्ये ज्या पक्षात मत दिलं त्याच्याच दुसऱ्या फेरीत मत देता येतं.

पहिले दोन: कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यात सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच यादीत असतात, पहिले दोन नोव्हेंबरला जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. अलास्कात पहिले चार. पण कॅलिफोर्नियात राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीला हा नियम लागू नाही; पक्ष न लिहिलेल्याला तेव्हा एखाद्या पक्षाची मतपत्रिका वेगळी मागावी लागते, आणि तो पक्ष परवानगी देत असेल तरच ती मिळते. आणखी एक सापळा: तिथल्या फॉर्मवर 'अमेरिकन इंडिपेंडंट' असा पर्याय आहे. तो स्वतंत्र मतदारांसाठी नाही, १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं करणारा तो एक उजवा पक्ष आहे. पक्ष नको असेल तर 'नो पार्टी प्रेफरन्स' हीच चौकट.

६. तारखा लिहून ठेवा

मुख्य निवडणूक नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी, म्हणजे २ ते ८ तारखेच्या दरम्यान. राष्ट्रीय सुट्टी नसते. दर दोन वर्षांनी प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या १०० पैकी साधारण एक तृतीयांश. दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष. न्यू जर्सी आणि व्हर्जिनियात गव्हर्नरची निवडणूक विषम वर्षी येते, आणि बऱ्याच शहरांत महापौर व स्कूल बोर्डाचीही. 'यंदा निवडणूक नाही' असं इथे सहसा कधी नसतं.

काँग्रेसच्या प्रायमरीची तारीख राज्यागणिक मार्चपासून सप्टेंबरपर्यंत कुठेही. मतदारसंघाच्या सीमाही हलतात: २०२५ मध्ये टेक्सासने आणि त्यानंतर कॅलिफोर्नियाने दशक संपायची वाट न बघता नवे नकाशे केले. गेल्या वेळचा खासदार तोच तुमचा उमेदवार, असं गृहीत धरू नका.

७. मतपत्रिका घरी बसून वाचा

केंद्रावर पहिल्यांदाच मतपत्रिका उघडणारा गांगरतो. वर राष्ट्राध्यक्ष किंवा सिनेटर, खाली गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, राज्य विधिमंडळ, शेरीफ, काउंटी क्लार्क, न्यायाधीश, स्कूल बोर्ड, कधी पाणीपुरवठा मंडळ, आणि शेवटी कर्जरोखे किंवा घटनादुरुस्तीवरचे हो-नाही प्रश्न. नमुना मतपत्रिका काउंटीच्या पानावर आधीच मिळते. ती छापा, घरच्यांबरोबर बसून खुणा करा आणि तो कागद बरोबर न्या. फोनच्या भरवशावर राहू नका. टेक्सासमध्ये मतदान कक्षाच्या १०० फुटांच्या आत फोन वापरता येत नाही.

घरपट्टी आणि शाळा ही आपल्या लोकांची रोजची चिंता, आणि ती ठरते याच तळाच्या ओळींवर. तिथे काहीशे मतांनी निकाल फिरतो.

भरताना:

- अंडाकृती जागा पूर्ण काळी करा. बरोबरची किंवा फुलीची खूण यंत्र चुकवू शकतं.
- एका पदासाठी जास्त खुणा झाल्या तर तेवढं पद बाद होतं, बाकी मतपत्रिका वैध राहते. पेटीत टाकण्याआधी चूक लक्षात आली तर नवीन मागा.
- एखादं पद रिकामं सोडलं तरी चालतं.
- मिशिगन, इंडियाना, साउथ कॅरोलिना अशा थोड्या राज्यांत एका खुणेत पूर्ण पक्षाला मत देता येतं. ती खूण पक्षाशिवाय लढवल्या जाणाऱ्या पदांना आणि हो-नाही प्रश्नांना लागू होत नाही, ते वेगळे भरा.
- 'नोटा' शोधू नका. तसा पर्याय फक्त नेवाडात आहे, आणि तोही राष्ट्राध्यक्ष व राज्यव्यापी पदांपुरताच.

८. मत देण्याचे तीन मार्ग

मतदानाच्या दिवशी केंद्रावर, त्याआधीच्या मुदतपूर्व मतदानात, किंवा टपालाने. नोकरदाराला मुदतपूर्व मतदान सोयीचं; शनिवारीही बऱ्याच ठिकाणी चालू असतं. ऑरेगन, वॉशिंग्टन, कोलोरॅडोत मतपत्रिका आपोआप घरी येते.

टपाली मत बाद होण्याचं एक मोठं कारण सही आहे. लिफाफ्यावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडतात. लायसन्सवर झटपट इंग्रजी सही आणि लिफाफ्यावर पूर्ण नाव, किंवा एका ठिकाणी देवनागरी, असं असेल तर मत अडकतं. आतलं गोपनीय पाकीट वापरायला विसरलात तर पेनसिल्व्हेनियात ते मत मोजत नाहीत. काही राज्यांत मंगळवारपर्यंतचा टपालशिक्का चालतो, काहींत त्या दिवशी मत कार्यालयात पोहोचलेलं लागतं. शेवटच्या आठवड्यात टपालपेटीऐवजी काउंटीच्या ड्रॉपबॉक्समध्ये किंवा कार्यालयात नेऊन द्या, आणि राज्याच्या पानावर ते स्वीकारलं गेलं का हे बघा. सहीबद्दल पत्र आलं तर दुरुस्तीला थोडेच दिवस मिळतात.

केंद्रावर जाताना ओळखपत्राचा नियम बघा: टेक्सास आणि जॉर्जियात फोटोचं ओळखपत्र लागतं, कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कमध्ये बहुतेकांना काहीच विचारत नाहीत. उमेदवाराच्या नावाचा टी-शर्ट किंवा टोपी घालून जाऊ नका, अनेक राज्यांत आत सोडत नाहीत. यादीत नाव नाही म्हणाले तर परत फिरू नका, 'प्रोव्हिजनल बॅलट' (पात्रता तपासून नंतर मोजली जाणारी मतपत्रिका) मागा. तो संघीय कायद्याने दिलेला हक्क आहे. त्याची पावती घ्या आणि मत मोजलं गेलं का ते नंतर तपासा. बंद होण्याच्या वेळी तुम्ही रांगेत असाल तर मत देऊनच निघा.

आई-वडील नागरिक आहेत पण इंग्रजी वाचता येत नाही? मराठीतली मतपत्रिका मिळणार नाही, पण मतदान हक्क कायद्याच्या कलम २०८ नुसार ते स्वतःच्या पसंतीचा माणूस मदतीला आत नेऊ शकतात. मालक, मालकाचा माणूस किंवा कामगार संघटनेचा माणूस चालत नाही. मुलगा, सून, शेजारी चालतात.

९. राष्ट्राध्यक्ष कसा निवडला जातो

आधी राज्याराज्यांत प्रायमरी किंवा कॉकस (पक्षाच्या मतदारांच्या सभा), त्यातून पक्षाच्या अधिवेशनाचे प्रतिनिधी, आणि उन्हाळ्यातल्या त्या अधिवेशनात उमेदवारीवर शिक्कामोर्तब. डेमोक्रॅट मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी वाटतात, त्यासाठी किमान १५ टक्के मतं लागतात. रिपब्लिकन पक्षात बऱ्याच राज्यांत पहिल्यालाच सगळे मिळतात.

नोव्हेंबरमध्ये तुमचं मत इलेक्टरांना, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्याच्या प्रतिनिधींना, जातं. एकूण ५३८, जिंकायला २७०. कॅलिफोर्नियाचे ५४, वायोमिंगचे ३. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्यात पहिला येणारा सगळे इलेक्टर नेतो. म्हणूनच २००० मध्ये आणि २०१६ मध्ये देशात जास्त मतं मिळवणारा उमेदवार हरला. २००० चा निकाल फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर ठरला.

रात्री वृत्तवाहिन्या जो निकाल सांगतात तो अंदाज असतो. काउंट्या आणि राज्यं नंतर काही आठवड्यांत निकाल प्रमाणित करतात, डिसेंबरमध्ये इलेक्टर मत देतात, ६ जानेवारीला काँग्रेस ती मोजते, २० जानेवारीला शपथविधी. कॅलिफोर्नियाची मोजणी लांबते, कारण टपाली मतं जास्त आणि प्रत्येक सही तपासायची असते. त्यात गैर काही नाही.

१०. अजून नागरिक नसाल तर

ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतो. २०२५-२६ साठी राष्ट्रीय पदाच्या एका उमेदवाराला एका निवडणुकीत ३,५०० डॉलर ही मर्यादा आहे. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या मोजतात. एच-१बी, एल-१, एफ-१ व्हिसावरच्या माणसाला संघीय, राज्य किंवा स्थानिक, कुठल्याही निवडणुकीत देणगी देता येत नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला आलेल्या उमेदवारासाठी 'तू तुझ्या नावाने दे, मी तुला पैसे देतो' असं कुणी सुचवलं तर साफ नकार द्या. दुसऱ्याच्या नावाने देणगी हा गुन्हा आहे आणि त्यात दोघेही अडकतात.

विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम मात्र कुणालाही करता येतं: फोन करणं, दारोदार जाणं, पत्रकं वाटणं. नागरिकत्वाला अजून दोन-तीन वर्षं असतील तर एखाद्या प्रायमरीत असं काम करा. काउंटीतले रस्ते, माणसं आणि मतपत्रिकेवरची ती खालची पदं तोवर ओळखीची होतील.